बाबांच्या पट्टीने घेतलेलं माप

आज सोमवार. बाबांचं दिवसकार्य झाल्यावर कामावर पहिला दिवस. अंबरनाथच्या आमच्या ऑफिसात एका पंपाच्या केसिंगचं, म्हणजे बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) बाहेरच्या कवचाचं, थ्रीडी मॉडेल आजच पूर्ण करायचं होतं.

सपाट तोंडाची मापं ड्रॉइंगमध्ये होती. गोल भागाची मी ऑफिसात आणलेल्या केसिंगवरूनच घेतली, बाबांच्या स्टीलच्या पट्टीने. ती मुद्दाम सोबत नेली होती. बाबा उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुने, बनवायचे.

मेश, म्हणजे ताण तपासायला मॉडेलवर टाकायची जाळी, काही केल्या होईना. गोलाई तोंडाला भिडतच नव्हती, दोन मिलिमीटर कमी पडत होती. व्हर्नियरने पाहिलं तर चूक पट्टीचीच. बाबा आयुष्यभर चुकीच्या पट्टीने काम करत होते, असं वाटून मी ती पट्टी शेजारच्या टेबलावर नेली.

आमचे सीनियर कदमकाका पट्टी हातात घेऊन म्हणाले, "पॅटर्नवाल्याची मुलगी ना तू? अगं, बीड थंड झालं की आकसतं. म्हणून पॅटर्न मोठा करतात, आणि त्यांच्या पट्टीवरचा प्रत्येक मिलिमीटरही तेवढाच मोठा असतो, म्हणून तुझं माप कमी भरलं. ॲल्युमिनियम जास्त आकसतं, त्याच्यासाठी पट्टी वेगळी. बाबांनी सांगितलं नाही कधी?"

"मी विचारलंच नाही, काका."

व्हर्नियरने घेतलेलं नवं माप टाकल्यावर मेश झाली.

तुम्ही विचारता का घरच्यांना त्यांच्या कामाबद्दल?

बदलापूरला घरी आल्यावर बाबांच्या पेटीत आणखी दोन पट्ट्या सापडल्या. माझ्या साध्या पट्टीशेजारी एकेक ठेवून तिच्या खुणा किती पुढे जातात ते पाहिलं, त्यावरून चिठ्ठीवर धातूचं नाव लिहिलं आणि ती चिठ्ठी त्या पट्टीला चिकटवली.