थायरॉइडची गोळी आणि माझा संशय

परीक्षेच्या वर्गावर सुपरव्हिजन करताना मला उभ्या उभ्या डुलकी लागली. पहिल्या बाकावरच्या मुलीने "टीचर, पुरवणी" असं तीनदा म्हटलं तेव्हा कुठे मी भानावर आले. थायरॉइड कमी काम करतंय हे मला चार वर्षांपासून माहीत होतं. धायरीतले आमचे फॅमिली डॉक्टर गोळीचा डोस वाढवत होते आणि जो उतरायला हवा, तो रिपोर्टमधला टीएसएचचा आकडाही वाढत होता. मे महिन्यात मी स्वेटर घालून बसायचे.

डुलकीचं ऐकून त्यांनी चिठ्ठी दिली. "हार्मोन्सचे स्पेशालिस्ट आहेत, विश्रांतवाडीला." शहराच्या दुसऱ्या टोकाला! वाटेत एकही असा डॉक्टर नाही?

"नक्की कमिशन असणार," मी घरी म्हटलं.

"ते जवळच्याकडूनही मिळतं की," नवरा म्हणाला. "त्यासाठी तुला एवढं लांब कशाला पिटाळतील?"

ते पटलं, पण संशय गेला नाही. स्पेशालिस्टच्या दवाखान्याखालीच लॅब दिसली, तेव्हा तो वाढलाच. डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे.

"गोळी रोज घेता?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"नाही हो, सगळ्यांनाच विचारतो. चहा कधी घेता?"

"गोळीनंतर लगेच."

"आणखी कुठली गोळी?"

"गुडघ्यांसाठी कॅल्शियम. दोन्ही एकदमच घेते, म्हणजे विसरत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "डोस आत्ता वाढवत नाही. चहा आणि कॅल्शियममुळे ही गोळी अंगात नीट शोषलीच जात नाही. ही गोळी उठल्याउठल्या, नुसत्या पाण्याबरोबर. तासभर चहा नाही. कॅल्शियम रात्री जेवल्यावर. आज एकदा रक्त द्या, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासू."

"एवढंच?"

"एवढंच."

नवं औषध नाही, सोनोग्राफी नाही. यांना काही येतं तरी का, असं वाटलं. खालच्या लॅबमध्ये रक्त दिलं आणि दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता घराजवळच्या लॅबमध्येही. दोन्हीकडे आकडा जवळजवळ सारखाच. नवऱ्याला रिपोर्ट सापडले. "तिसरीकडेही देऊन ये," तो म्हणाला, "बहुमत तरी होईल."

सकाळचा तो बिनचहाचा तास मी रागारागात काढला. चौथ्या आठवड्यात जिना चढून आले आणि मधे थांबले नाही, हे दारात पोचल्यावर लक्षात आलं. सहा आठवड्यांनी आकडा जवळपास नॉर्मलवर आला होता. मी तोही दुसऱ्या लॅबमध्ये पडताळून घेतला.

"हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं?" स्पेशालिस्टनी विचारलं.

"नाही," मी ठामपणे म्हटलं.

घरी येऊन जुनी फाइल काढली. फॅमिली डॉक्टरांच्या अगदी पहिल्या चिठ्ठीवर, त्यांच्याच अक्षरात, 'उपाशीपोटी' लिहिलेलं होतं. खाली दोन रेघाही मारल्या होत्या. ती चिठ्ठी मी पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं, कमिशनचा संशयसुद्धा. मला वाटलं, चिडतील.

"चार वर्षं डोस वाढवत राहिलो," ते हळू आवाजात म्हणाले, "पण गोळी कशी घेता, हे मीही पुन्हा विचारलं नाही."