बापाच्या नावाआधीचा शब्द

सदा गेल्याचं मला त्याच्या सुनेने, एलेनने, फोनवर सांगितलं. "काका, बाबा गेले." एलेनचं मराठी तोडकंमोडकं आहे, पण हे क्रियापद तिला नीट येतं. मागच्या हिवाळ्यात निखिल गेला तेव्हा शिकली. निखिल सदाचा एकुलता एक मुलगा. बर्फाने निसरड्या झालेल्या हायवेवर त्याची गाडी घसरली. एलेन तेव्हा गरोदर होती. सदा मुलाच्या अंत्यसंस्कारात रडला नाही. घरी येऊन त्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसला, मग शेजाऱ्यांच्या दारातलाही उपसला. मूळचा नागपूरचा, निवृत्त इंजिनिअर, विधुर आणि तोंडाने फटकळ. इथे परदेशात, नेपरव्हिलमध्ये आमची मैत्री जमली तीच मुळी भांडून.

एलेनला माहेरचं कुणी उरलेलं नाही. "बाबा, निखिलच्या साइडचं बाळाला तुम्ही सांगाल. माय साइड? नो वन," असं म्हणून तिने आपल्या पूर्वजांच्या, स्कॉटलंडच्या जुन्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी कॉम्प्युटरवर शोधायला घेतल्या. देवळाची पायरी न चढणारा सदा त्यात बुडाला. रिकामं बसलं की मुलगा आठवतो, हे त्याने कधी कबूल केलं नाही, मला दिसत होतं. नोंदी लिहिणाऱ्या कारकुनाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण सदाची शिस्त अशी, की अडलेल्या शब्दावर तर्क लढवायचा नाही. त्याच हाताने तेच अक्षर पानावर आणखी कुठे काढलंय ते आधी शोधायचं. ‘एफ’सारखं दिसणारं अक्षर ‘एस’ निघालं, की केवढा खूश व्हायचा! "काय रे, आता चर्चमध्ये जाणार का?" मी चिडवायचो. "गप बस. चहा घे," ठरलेलं उत्तर.

एका नोंदीत बापाच्या नावाआधी एक दाटीवाटीने लिहिलेला शब्द होता. एलेनला ते गावाचं नाव वाटलं. सदाने पानांमागून पानं चाळली. जिथे जिथे तो शब्द, तिथे पुढे विधवेचा उल्लेख... ‘अमव्हाइल’ असा काहीसा उच्चार. म्हणजे आपलं ‘कै.’ बाळाचा बाप आधीच वारलेला होता. बापाने बाळाला हातात धरून पुढे यायचं हा तिथला रिवाज, आणि त्या बाळाला आजोबांनी धरलं, असं खालच्या ओळीत लिहिलेलं.

एलेनचा मुलगा तोवर जन्मला होता. ती हळूच म्हणाली, "बाबा, आपल्या बाळाला चर्चमध्ये... विल यू होल्ड हिम?"

सदाने कॉम्प्युटर बंद केला. "ते बापाचं काम आहे. माझ्या पोराच्या नावाआधी मी कै. लावणार नाही." तिला सगळं समजलं नाही, पण नकार समजला. नंतर ती दर रविवारी बाळाला आणायची आणि हा लांबून बघायचा. मी खूप भांडलो. गेलेल्याचा राग जिवंतावर काढतोस, म्हणालो. त्याने मला दार दाखवलं. मला त्याचा अजूनही राग येतो. आणि या लेखात त्याच्या नावाआधी कै. लावणं मलाही जमलेलं नाही.

शेवटचा भेटलो तेव्हा दार उघडंच होतं. सदा टॉवेलमध्ये गुंडाळलेली तांदळाची पिशवी दंडाशी धरून घरभर येरझाऱ्या घालत होता. हल्ली त्याचे हात थरथरायचे.

"मान अशीच धरतात ना?" त्याने विचारलं. "निखिलला मी तान्हा असताना घेतलंच नाही रे. भीती वाटायची... हातातून पडला तर?"

"मग एलेनला सांग की, येतो म्हणून."

"हात जरा स्थिर होऊ दे. रविवारी सांगतो."

रविवार त्याला दिसला नाही. झोपेतच हृदय बंद पडलं.

बाप्तिस्म्याच्या वेळी चर्चमध्ये बाळाला मी धरलं. दुसऱ्या दिवशी एलेन आणि बाळाबरोबर सदाचं घर आवरायला गेलो. कॉम्प्युटरसमोरच्या त्याच्या खुर्चीत ती पिशवी होती, टॉवेलचं टोक डोक्यावरून घ्यावं तसं वर दुमडलेलं. "काका, हे राइस इथे का?" एलेनने विचारलं. मी सांगितलं. सदा रविवारी काय सांगणार होता, तेही सांगितलं. तिने पिशवी उचलली, मानेखाली हात असतो तसा हात खाली घातला आणि तशीच जमिनीवर बसली. बाळ रडायला लागलं. त्याला मी उचललं. तिने पिशवी सोडली नाही.