विहिरींना आम्ल पाजणारे आमचे शेजारी

जगात काहीही तुंबलं की त्याला आम्ल पाजावं, यावर इथं परदेशात, चोआ चू कांग वस्तीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजाऱ्यांइतका गाढ विश्वास दुसऱ्या कुणाचा नसेल. तुआसच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत ते इंजिनिअर होते. समुद्रतळाखालच्या गॅसच्या विहिरी मंदावल्या की आत आम्ल सोडून चुनखडकाची बुजलेली छिद्रं मोकळी करायची, हे त्यांचं काम. पण विहिरींबद्दल ते बोलत ते सासरी नांदणाऱ्या लेकींबद्दल बोलावं तसं. "सोळा नंबर हल्ली धुसफुसतेय हो," म्हणत अर्ध्या चहावरून उठत. आमच्याकडे आले की आधी बेसिनचा नळ सोडून पाणी कसं उतरतंय ते बघणार, मग 'कसे आहात' विचारणार. एकदा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, त्यांनी रिकाम्या शिंपल्यावर लिंबू पिळलं आणि शेजारच्या टेबलावरच्या चिनी आजोबांना कान लावून बुडबुडे ऐकायला लावले. "ॲसिड, स्टोन, गॅस! माय जॉब!" आजोबांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "युअर फूड कोल्ड ऑलरेडी लाह."

पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. रविवारी ते आमच्याकडेच जेवत. असंच एकदा जेवताना त्यांना ऑफिसचा फोन आला. ज्या विहिरीवर कंपनीनं पाणी सोडलं होतं, तिच्यात केवळ यांच्या हट्टापायी शेवटचं आम्ल सोडलं होतं आणि ती धो धो वाहू लागली होती. ते ताटावरून उठून उभेच राहिले. डाव्या हातानं फोनमधली नावं वरखाली करत राहिले. मग फोन खिशात टाकून हळूच खाली बसले.

"सांगायला कुणी सुचेचना," ते हसून म्हणाले.

"आम्हाला सांगा की," माझी बायको म्हणाली.

उष्टा हात वाळेपर्यंत ते सांगत होते. आम्हाला त्यातलं फारसं कळलं नाही, पण पानावरून कुणी उठलं नाही.

गेल्या वर्षी नोकरी संपली, तिच्याबरोबर इथं राहण्याचा पासही संपला आणि ते पुण्याला परतले. आता अधूनमधून संध्याकाळी त्यांचा फोन येतो. "तिकडे पाऊस आहे का?" विचारतात. इथे तो रोजचाच. "आहे," मी म्हणतो. ते फोन ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही.