दमूकाकीच्या पेटीचं झाकण

बोर्डीच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत दमूकाकी बसायची. शेजारी निळी बर्फाची पेटी, तिच्यावर जुनी गोधडी पांघरलेली. गिऱ्हाईक "काय काय आहे?" म्हणालं की ती पेटी न उघडताच सांगायची, "लिंबू सरबत, कोकम, जिरा सोडा, पाणी. बोला." समोरच्याने नाव घेतल्याशिवाय झाकणाला हात लागायचा नाही. मग मनगट जाईल एवढंच झाकण उचलून, आत न बघता, ती नेमकी तीच बाटली काढायची. सुट्टीला आलेला एखादा गुजराती शेठ पेटीत डोकावायला बघत म्हणायचा, "बेन, जरा जोवा तो दो." काकी म्हणायची, "जोवानुं नाय, पीवानुं!" शेठ हसायचा आणि एकाऐवजी दोन बाटल्या घ्यायचा.

काकी नात्याने माझी कोणी नव्हती. मी तलासरीकडच्या पाड्यावरची. आठवीतच शाळा सुटली, पुढे लग्न होऊन बोर्डीला आले आणि तिच्या शेजारच्या खोलीत संसार मांडला. सकाळी ती पेटी भरायची ते मी दारातून बघायची. बाटल्या आदल्या दिवसापासून विहिरीच्या पाण्यात बुडवलेल्या असायच्या. "गरम बाटली आत घातली की बर्फाच्या उरावर सवत आणून बसवली," ती म्हणायची. बर्फ फोडायची नाही, लादीचा मोठा तुकडाच ठेवायची. फटींत कागद कोंबायची. दुपारी सावली सरकली की पेटीही सरकवायची. स्वतः उन्हात बसेल, पेटीला ऊन लागू देणार नाही.

सोनल, माझी मुलगी, सहा वर्षांची असताना सारखं पाणी मागायला लागली आणि सुकत गेली. आम्ही तेव्हा माहेरी होतो. एक दिवस ती डोळेच उघडेना, तशी जीपमध्ये घालून कासा गावच्या दवाखान्यात नेली. पोरगी वाचली, पण तेव्हापासून रोज इन्सुलिन. सिस्टरांनी समजावलं, "हे गार ठेवायचं, पण बर्फाला टेकवायचं नाही. गोठलं तर टाकून द्यायचं." बोर्डीत एका चिकूच्या वाडीवाल्यांकडे फ्रीज होता, तिथे औषधाची सोय झाली.

मग आमच्या ह्यांना गुजरातेत, वेरावळला बोटीवर काम मिळालं. तिथे मलाही कोळंबी सोलायचं काम होतं. पण खोलीत फ्रीज नाही, ओळख कोणाची नाही, वाटेत एक रात्र आणि अर्धा दिवस. औषध तापलं तर? मी सांगून टाकलं, मी येत नाही. हे म्हणाले, "मग मी एकटा जातो. बोटीवरून वर्षातून दोनदा येईन." त्या दिवशी मी काकीच्या ओट्यावर बसून रडले.

काकीने तिची लहान पेटी काढली. तिची कडी तुटलेली होती, तिथे जाळ्याची दोरी बांधलेली. "करून बघू," ती म्हणाली. तळाला आणि कडेला गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, त्यावर टॉवेलची घडी, त्यावर स्टीलचा डबा. डब्यात औषधाऐवजी तिने दोन रिकाम्या कुप्या ठेवल्या, एकीत खोबरेल, दुसरीत पाणी. "तेल थिजलेलं पायजे नि पाणी हलतं पायजे. दोन्ही जमलं तर जा. नाय जमलं तर मीच तुझ्या नवऱ्याला सांगते."

मला दम कुठला! दर थोड्या वेळाने मी झाकण उचलून बघत होते. काकी ओरडली, "काय गो सुमन, अंडी उबवतेस काय? बघून गार राहत नाय काय. तुझ्या बघण्यानंच तापतं ते!"

पहिल्या खेपेला पाणी गोठलं. काकी मात्र म्हणाली, "बरं झालं. पाणीच गोठलं ना, औषध तर नाय?" तिने टॉवेलची आणखी एक घडी घातली आणि पेटी स्वतःच्या खाटेखाली ढकलली, म्हणजे मला उघडता येऊ नये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनेच झाकण काढलं. तेल पांढरं, घट्ट. पाण्याची कुपी तिने माझ्या कानाशी हलवली. "ऐक. या दोघांच्या मधे ठेव तुझ्या पोरीला." सिस्टरांना सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "प्रवासाला ठीक आहे, पण पोचल्यावर फ्रीज बघ हं."

निघताना काकी घोलवडच्या फलाटापर्यंत आली. पेटीतल्या बाटल्यांत तिच्याच विहिरीचं पाणी गोठवलेलं होतं. "वितळलं की पिऊन टाक. आपलंच पाणी हाय." वेरावळला पोचलो तेव्हा तेल थिजलेलं होतं, पाणी हलत होतं. शेजारणीच्या फ्रीजमध्ये औषध ठेवून आले आणि मग त्या बाटल्यांतलं पाणी आम्ही तिघं प्यायलो. इथलं पाणी मचूळ लागतं. काकीच्या पाण्याची चव मला अजून आठवते.

पुढे कधी लाईट गेली की औषध परत पेटीत जायचं आणि मी घाबरून काकीला फोन लावायची. ती आधी हालहवाल विचारायचीच नाही.

"तेल?"

"थिजलंय."

"पाणी?"

"हलतंय."

"मग झाकण लाव नि कामाला जा."

एवढं ऐकलं की दिवस निघायचा. कधीकधी लाईट असतानाही मी खोटंच सांगून फोन करायची. काकीला ते कळत असणार. तरी ती तेच विचारायची, त्याच क्रमाने.

यंदाच्या उन्हाळ्यात बोर्डीहून फोन आला, पण काकीचा नव्हे. सकाळी बाटल्या विहिरीतून काढताना तिला चक्कर आली आणि ती गेली. हे समुद्रावर होते. सोनलला घेऊन मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं. गेले नाही.

आता आमच्या खोलीत जुना फ्रीज आहे, पण फोन आला त्या दुपारी नेमकी लाईट नव्हती आणि औषध पेटीत होतं. मी झाकण काढलं. तेल थिजलेलं होतं. पाणी हलवून पाहिलं, हलत होतं. हे आता सांगायचं कोणाला? मी तशीच पेटीपाशी बसून राहिले. गार वाफ अंगावर येत होती आणि कोणी ओरडत नव्हतं.

मागून सोनलचा आवाज आला. शब्द तेच, ठसका तोच.

"काय गो आई, झाकण लाव!"