अप्पांचं बोट

जिंतुरात येलदरी रस्त्याला चाकांची कामं करणारे एक अप्पा होते. त्यांच्या दुकानात टेप नव्हता, फूटपट्टी नव्हती. होतं ते उजव्या हाताचं पहिलं बोट. जीपवाले, ट्रॅक्टरवाले, बैलगाडीला टायर बसवून घेणारे, सगळे त्या बोटावर विसंबून. अप्पा बोट आडवं धरत, एक डोळा मिटत आणि सांगत, "दीड बोट, आन् वर गव्हाएवढं." त्या गव्हाएवढ्याचीही चूक कधी निघाल्याचं मी ऐकलं नाही.

कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, कोपरापर्यंत ग्रीस. सकाळची पूजा झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, मग दारात कुणाचीही गाडी येऊन उभी राहो. "आधी त्येचं, मग लोकाचं," असं म्हणून ते खुशाल आत जात. अक्षरओळख नव्हती आणि त्याची खंतही नव्हती. पत्रं लिहायला गिऱ्हाइकांपैकीच कुणाला तरी बसवत.

आमचे बाबा जनावरांचे डॉक्टर. माणूस एरवी शहाणा, पण एकदा हैदराबादला गेले ते एका जुन्या जागीरदाराच्या कुटुंबाकडून लाल रंगाची, दोनच माणसांची, बिनटपाची विलायती गाडी घेऊन आले. आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मी मात्र विसाव्या वर्षी हवेत! परभणी जिल्ह्यात अशी गाडी चालवणारी मुलगी दुसरी कोण होती? अडचण एकच. चाकं गंजून चाळण झालेली, आणि त्या मापाचे अरुंद टायर कुठंच मिळेनात. तेव्हा रुंद चाकं करून घ्यायला बाबांनी मला अप्पांकडे धाडलं.

मी मासिकातलं एक चित्र कापून नेलं होतं. अशीच गाडी, आणि जाडजूड चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावणारी. अप्पांनी ते लांब धरून बघितलं.

"चांगलं हाय. भिंतीला लाव."

"अप्पा, मला अशीच चाकं पाहिजेत."

"माय, जोडा घ्यायचा तर पाय बघून घ्यावा. दुकानाची काच बघून न्हाई."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. नट आवळतो ती मधली तबकडी रिममध्ये कुठं जोडायची, त्यावर चाक किती आत बसणार आणि किती बाहेर येणार हे ठरतं. आता पोरं त्याला ऑफसेट म्हणतात. अप्पांकडे त्याला नाव नव्हतं, त्यांच्याकडे कणिक होती. दुकानामागच्या घरात काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पोळ्यांसाठी मळलेल्या कणकेतून ते गोळा उचलून आणत, मडगार्डच्या आतल्या कडेला थापत, गाडीत माणसं बसवत आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावत. चाक कणकेला घासून जाई. उरलेल्या कणकेवर बोट ठेवलं की अप्पांना हवी ती जागा कळे. आतून काकू ओरडत, "गाडीलाच जेवू घाला आज!" आमच्या गाडीखाली अप्पा दोन दिवस असे कणिक लावून बसले होते. शेवटी म्हणाले, "बाहेरच्या अंगाला एक बोट. बिल्कुल एक. त्याच्या वर गेलं की वळनाला घासंल."

रिम हैदराबादला एका उस्तादाकडे तयार होत. अप्पांनी कधीकाळी आपल्या बोटाच्या रुंदीची बाभळीची काडी कापून त्यांना दिली होती. उस्ताद त्याच काडीनं मोजत. पत्र लिहायला मी बसले. अप्पांनी सांगितलं, "एक बोट." मी लिहिलं, "दीड बोट." मेली माझी अक्कल! मला ते चित्र पाहिजे होतं, दुसरं काय? वाटलं, अर्ध्या बोटानं काय आभाळ कोसळणार आहे.

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. एसटी कधी चालू, कधी बंद. पार्सल यायला महिना लागला. चाकं बसवली, गाडी अगदी चित्रातल्यासारखी दिसायला लागली. बाबा शेजारी बसले, मी येलदरीच्या रस्त्याला लागले, आणि पहिल्याच वळणावर खर्रर्र आवाज आला. टायर मडगार्डला घासत होता.

अप्पांनी चाक उतरवलं. तबकडीच्या कडेला बोट लावलं, काढलं, परत लावलं.

"दीड भरायलंय," ते हळूच म्हणाले. "उस्तादाची काडी तर माझ्याच बोटाची. मंजी बोटच वाळलं माझं. म्हातारपन, दुसरं काय?"

मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. बाबा समोर उभे होते, मला लाज वाटली. अप्पांनी मडगार्डची कड लाकडी हातोडीनं तसू तसू आत वळवून घासणं बंद केलं. दोन दिवस त्यातच गेले. वर मलाच म्हणाले, "तुला तरास झाला, माय." चाकं तशीच राहिली. मला पाहिजे होती तशीच.

पुढं एकदा हवा भरायला गेले तर खिळ्याला नवाकोरा लोखंडी टेप लटकलेला. अप्पा तो चाकाला लावायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्या शाळेच्या पोरांना हाका मारायचे, "ए बाबा, हितं किती हाय वाच की." पोर वाचून पळून जाई. अप्पांना खरं वाटत नसे, मग ते दुसऱ्याला हाक मारत. ज्या माणसाच्या शब्दावर सारा तालुका चाकं बसवत होता, तो पोराटोरांना आकडे विचारत उभा! मी हवा न भरताच घरी आले. तरीही सांगितलं नाहीच. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत तीन वर्षं काढली.

मग मला नांदेडला नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच दुकानात गेले. पूजा व्हायची होती, बाहेर बसून राहिले. अप्पा आले तशी एका दमात सांगून टाकलं.

"अप्पा, त्या पत्रात तुम्ही एक बोट सांगितलं होतं. मी दीड लिहिलं होतं."

मी वाट बघत होते, आता शिव्या घालतील. घालाव्यात असंही वाटत होतं.

"मंजी काडी?"

"काडी बरोबर होती."

"आन् बोट?"

"बोटही बरोबर होतं, अप्पा. मीच खोटी."

त्यांनी बोट डोळ्यांसमोर धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. मग घराकडं तोंड करून एवढ्या जोरात ओरडले की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला.

"आगं, भायेर ये! वाळलं न्हाई बोट! ही पोर सांगायली!"

काकू कणकेच्या हातानं बाहेर आल्या. अप्पा हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मला एका शब्दानं बोलले नाहीत. खिळ्यावरचा टेप काढला आणि माझ्या हातात दिला.

"हे घिऊन जा नांदेडला. तुला लिहितावाचता येतंय."

गाडी पुढं बाबांनी विकली. अप्पाही गेले. टेप माझ्या कपाटात आहे. घरात काही मोजायचं झालं की मी शेजारणीकडून दुसरा मागून आणते.