पाय कुणी मोडला

माझ्या धाकट्या भावाचा डावा पाय गुडघ्यात वाकत नसे. कुणी विचारलं की तो सांगायचा, "हुतूतू खेळताना पडलो." हे वाक्य त्याचं नव्हतं. कॉलेजच्या व्यायामाच्या सरांनी ते त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं, तेही तो आखाड्याच्या मातीत गुडघा धरून पडलेला असताना.

आमचं गाव पाटणच्या पुढं, मोटार जिथं थांबते तिथून चालत जावं लागे. वडील, आमचे आबा, पलटणीत हवालदार. लढाई लागल्यावर ते जे गेले ते आधी आफ्रिकेत आणि मग ब्रह्मदेशात. मी लग्नानंतर लवकरच विधवा झाले, म्हणून मला मराठी सातवीपर्यंत शिकवलं गेलं, आणि साताऱ्यात मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले. भाऊ आमच्या घराण्यातला पहिला मॅट्रिक. तो सांगलीच्या कॉलेजात गेला तेव्हा आईनं गावभर गूळ वाटला. पोरगा काटक होता, दमाचा पक्का. कॉलेजच्या हुतूतूच्या संघात त्याला लगेच घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तर तो बाजेवर पडलेला. गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला, वर हळदीचा लेप, आणि आई उशाशी बसलेली. त्याला बैलगाडीतून आणून सोडणारे दोन विद्यार्थी पाणीसुद्धा न घेता निघून गेले होते.

"पडला म्हणत्यात," आई म्हणाली. "पडल्यावर असं वळ उठत्यात व्हय?"

वळ पोटरीवर होते. मी त्याला चार दिवस काहीच विचारलं नाही. पाचव्या दिवशी मी लेप बदलत असताना तो आपणहून बोलला.

सामन्यांची तयारी चालू होती. त्याला ताप आला म्हणून तो मैदानातून खोलीवर गेला. संध्याकाळी सरांनी त्याला आखाड्यात बोलावलं, सगळ्या संघापुढं बैठका घालायला लावल्या आणि तो चुकला की पोटरीवर वेत मारला. त्याला उठता येईना, तेव्हा पाय आखडलाय, मोकळा करतो, म्हणत सर त्याच्या गुडघ्यावर उभे राहिले. बुटांसकट.

"आवाज आला, आक्का," तो म्हणाला. "झाडाचा ओला फाटा मोडल्यावानी."

डॉक्टर आणला नाही. आखाड्यामागच्या खोलीत त्याला ठेवलं आणि सूज उतरायची वाट बघितली. उतरली नाही, तेव्हा बैलगाडी बोलावली.

आई अडाणी होती, पण तिला एक गोष्ट लगेच कळली. तिनं विचारलं, "असं त्या मास्तरानं पयल्यांदाच केलं का?"

भाऊ म्हणाला, मागल्या वर्षी एका पोराच्या कानाचा पडदा फाटला होता. त्या वेळी पोरं प्रिन्सिपॉलसाहेबांकडं गेली होती. साहेबांनी ऐकून घेतलं आणि त्यांना परत आखाड्यात पाठवलं.

"म्हंजी त्येला ठावं हुतं," आई म्हणाली, आणि उठून तिनं आपलं ठेवणीतलं लुगडं काढलं.

आम्ही कराडमार्गे सांगलीला गेलो. पेट्रोल मिळत नसल्यामुळं मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. चढावर माणसं उतरून ढकलायची. गावातली काही माणसं वाटेत भेटली. त्या दिवसांत आमच्या भागात भूमिगत पोरं होती, गुंडांना आणि पाटलांना शासन करायची. एकजण आईला हळूच म्हणाला, "वयनी, नुसतं सांगा. त्या मास्तराला पोरं बघून घेतील."

"त्येचा पाय मोडून माझ्या पोराचा सरळ व्हनार न्हाई," आई म्हणाली. "त्यानं चार मानसांत म्हनावं, म्या केलं म्हनून. एवढंच."

मला तेव्हा वाटलं, आई फार थोडं मागतेय. त्याहून मोठं मागणं नसतं, हे मला फार उशिरा कळलं.

प्रिन्सिपॉलसाहेब विद्वान माणूस होते. सोनेरी काडीचा चष्मा, हळू आवाज. त्यांच्या पाठीमागं काचेच्या कपाटात चांदीच्या ढाली मांडलेल्या होत्या. आई जमिनीवर बसू लागली, तर त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं. साहेब मधूनमधून डोळे मिटून घेत होते.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण बाई, मैदानावर अपघात होतातच."

"मैदानावर न्हाई, आखाड्यात," आई म्हणाली. "आवं साहेब, मला एवढंच सांगा. मागल्या साली पोरं तुमच्याकडं आली हुती का न्हाई?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही शिक्षिका आहात. संस्था कशी उभी राहते, तुम्हाला ठाऊक आहे. आईंना जरा समजावून सांगा."

"तिचा प्रश्न तुम्हाला आहे," मी म्हटलं.

"संचालक मंडळापुढं विषय ठेवतो," असं म्हणून त्यांनी घंटा वाजवली. मुलाखत संपली.

मंडळ बसलं तेव्हा आम्ही भावालाही सांगलीला नेलं. अध्यक्ष एक नामवंत वकील होते. भावाला काठीच्या आधारानं उभं केलं, आणि आम्हाला दाराशी बाकावर बसवलं. व्यायामाचे सर प्रिन्सिपॉलांच्या शेजारी, मंडळाच्याच टेबलाशी बसले होते. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. धिप्पाड, गोरे, हसरा चेहरा. माझ्या भावाला बघून म्हणाले, "काय रे गड्या, बरा आहेस ना?"

भाऊ म्हणाला, "व्हय सर." सवयीनं.

त्यानं जे मला सांगितलं होतं ते मंडळापुढं सांगितलं, काही न गाळता. मग संघातल्या मुलांना एकेक करून आत घेतलं. प्रत्येकजण सरांच्या चेहऱ्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "पडला." एका मुलाला प्रश्न दोनदा विचारावा लागला. अध्यक्ष त्याच्या ज्या बाजूला होते, त्या बाजूच्या कानानं त्याला ऐकू येत नव्हतं. त्यानं मान वळवली, दुसरा कान पुढं केला, आणि तोही म्हणाला, "पडला."

त्याचा कान कशानं गेला, हे त्या खोलीत एकानंही विचारलं नाही.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, सरांचा उत्साह कदाचित थोडा वाढला असेल, पण हेतू शुद्ध होता. बाकी, मुलाचे वडील सरकारी सेवेत, देशाबाहेर. घरातल्या कर्त्या माणसाच्या गैरहजेरीत अंतिम निर्णय घेणं योग्य होणार नाही. ते आले की पाहू.

"मी त्येची आई हाय," आई म्हणाली.

"हो हो," अध्यक्ष म्हणाले, आणि कागद आवरू लागले.

मग आम्ही वडिलांची वाट बघितली. लढाई संपली तरी त्यांची पलटण लवकर परतली नाही. भावाचा पाय मिरजेच्या डॉक्टरांनी पाहिला, पण हाड वेडंवाकडं जुळून गेलं होतं. त्याचं कॉलेज सुटलं. सर तिथंच होते. त्यांनी आणखी एक ढाल आणली.

आबा आले ते छातीवर बिल्ले लावून. आईनं त्यांना पाय धुवायला पाणी दिलं आणि ते पाय पुसायच्या आत सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. भावाला त्यांनी अंगणात चालून दाखवायला सांगितलं. तो चालला. आबा म्हणाले, "उद्या जाऊ."

त्या रात्री आई कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली.

आबांनी गणवेश चढवला. आम्ही चौघं सांगलीला गेलो. प्रिन्सिपॉलसाहेब दारापर्यंत सामोरे आले, त्यांनी आबांचा हात हातात घेतला. "तुमच्यासारख्यांमुळं आम्ही इथं सुखानं शिकवू शकतो," ते म्हणाले. चहा आला. व्यायामाच्या सरांना बोलावलं. सर आत आले आणि टाचा जुळवून आबांना सलाम केला. आबा ताडकन उभे राहिले, त्यांनीही सलाम केला.

"माझ्या पोराचं चुकलं काय हुतं?" आबांनी विचारलं.

"हवालदारसाहेब, हुकूम मोडला. न विचारता मैदान सोडून गेला."

आबा भावाकडं वळले. "मोडला?"

"आबा, ताप हुता."

"मी काय इचारतोय? मोडला का?"

"मोडला."

आबा म्हणाले, "आमच्यात असं केलं तर काय व्हतं तुला ठावं न्हाई. सरांच्या पाया पड."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. भावालाही तसंच वाटलं असावं. तो आईकडं बघत होता.

"पड म्हनतो न्हवं!"

त्यानं काठी भिंतीला टेकवली. उजवा पाय वाकवला, डावा तसाच बाजूला ताणला, आणि सरांच्या बुटांकडं हात नेता नेता तोल जाऊन तोंडावर आपटला. सरांनी त्याला खांद्याला धरून उचललं. "जपून रे, जपून," ते म्हणाले. साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मोठ्या मनाचा बाप आहे."

बाहेर आल्यावर आई आबांना एवढंच म्हणाली, "पाय त्यांनी मोडला हुता. मान तुमी मोडली." त्यानंतर ती आबांना रोज वेळेवर ताट वाढायची, आणि कामापुरतंसुद्धा त्यांच्याशी बोलायची नाही. निरोप माझ्यामार्फत जायचे, आणि मी साताऱ्याला असले की निरोपच जायचे नाहीत.

पुढं साहेब विद्यापीठाच्या कारभारात मोठ्या जागेवर गेले. सर साताऱ्याला शाळांच्या कवायतीचे प्रमुख म्हणून आले. एकदा आमच्या शाळेत त्यांचा सत्कार ठरला. मी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं की माझ्या वर्गातल्या मुली कवायतीला उभ्या राहणार नाहीत, आणि का, तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या महिन्यात माझी बदली झाली, डोंगरातल्या एका शाळेत, जिथं पावसाळ्यात पोस्टसुद्धा पोचत नसे.

बदली आमच्या गावाच्या जवळ होती, एवढं एक बरं झालं. मी घरी राहू लागले. भाऊ तेव्हा गावच्या तालमीत पोरांना शिकवायचा. त्याला स्वतःला खेळता येत नव्हतं, पण डाव सांगता येत होते. पोरं त्याला मानत. मला वाटलं, पोरगा सावरला.

एका सकाळी आई आणि मी नदीवरून येत होतो. तालमीतून ओरडण्याचा आवाज आला. आम्ही दारात गेलो. एक पोरगं बैठका घालत होतं, नाक वाहत होतं, अंग थरथरत होतं. माझा भाऊ काठीला टेकून उभा होता, आणि त्याच्या दुसऱ्या हातात निरगुडीची शिमटी होती.

"ताप न्हाई न् बीप न्हाई! घाल!" तो ओरडला आणि त्यानं पोराच्या पोटरीवर शिमटी ओढली.

आईनं डोक्यावरची धुण्याची पाटी खाली ठेवली. आत गेली, शिमटी काढून घेतली आणि त्या पोराच्या अंगाला हात लावला. ते तापानं फणफणलं होतं. तिनं भावाचं मनगट धरलं. तो तिच्याहून हातभर उंच, पण लंगडत तिच्यामागून गेला, सगळ्या आळीतून, त्या पोराच्या घरी. पोराला मी उचलून घेतलं होतं.

पोराचा बाप ओट्यावर दाढी करत बसला होता. आजूबाजूची माणसं गोळा झाली.

"सांग," आई म्हणाली.

भाऊ म्हणाला, "तुमच्या पोराला ताप हुता. त्यानं मला सांगितलं हुतं. तरी मी मारलं. म्या केलं."

त्या सगळ्या प्रकरणात असं म्हणणारा तोच एकटा निघाला.

बापानं वस्तरा पुसला. पोराच्या पोटरीकडं एक नजर टाकली आणि हसला. "आवं, त्यात काय एवढं? मास्तरानं मारल्याबिगर पोरगं सुधारतं व्हय? आनि दोन द्या की!"

माणसंही हसली. कुणीतरी भावाच्या पाठीवर थाप मारली. तो तिथं उभा होता, पांढराफटक, आणि आई त्याचं मनगट सोडत नव्हती.

तो तालमीत परत गेला नाही. आष्ट्याला एका व्यापाऱ्याच्या अडतीवर कामाला लागला आणि तिकडंच राहिला. त्या पोराला चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी त्याच्या बापानं त्याला पुन्हा तालमीत धाडलं, नव्या वस्तादाकडं.