चौतीस नंबरचा मार्कर

जर्मनीला निघाले त्या दुपारी आमच्या डोंबिवलीच्या घरात इतके लोक जमलेले की मला माझ्याच बॅगेपर्यंत पोचता येईना. वसंतकाका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, सोफ्यावर मधोमध. "रक्तातल्या पेशी बघायला परदेश कशाला? कल्याणात गल्लोगल्ली लॅब आहेत." सगळे हसले. बाबाही हसले. काका एका कंपनीत खरेदी खात्यात होते आणि जगातलं सगळं त्यांना कळायचं. माझा धाकटा भाऊ मंदार तेवढा बॅग घेऊन टॅक्सीपर्यंत आला.

मी तिथे शिकले ते समजायला कठीण नाही. हाडांच्या आत, मज्जेत, थोड्याच पेशी अशा असतात की ज्यांच्यापासून आयुष्यभर सगळं रक्त तयार होतं. त्याच रक्ताच्या स्टेम सेल. मायक्रोस्कोपखाली त्या चारचौघींसारख्याच दिसतात. म्हणून त्यांच्या पृष्ठभागावरची प्रथिनं बघायची. त्यांना मार्कर म्हणतात, प्रत्येकाला नंबर असतो. चौतीस हवा, नव्वद हवा, अडतीस नको. मार्करना चमकणारे रंग लावून एकेक पेशी लेसरसमोरून सोडायची, रंगावरून कोणता मार्कर आहे ते कळतं. एवढं करूनही माझी बॉस मानत नाही. पेशीने रक्त तयार करून दाखवलं, तरच मानते. आमच्या घरात मानायला आवाज मोठा असला की पुरे.

मग मंदारच्या मज्जेने रक्त करणं बंद केलं. हॉस्पिटलने सांगितलेलं, बहिणीच्या पेशी जुळतात का बघा. मी रजा काढून आले, तर काकांनी ठाण्यातलं एक स्टेम सेल सेंटर गाठून ठेवलेलं. आम्ही सगळे तिथे गेलो, तर सेंटरच्या सुटातल्या माणसाने कॉफी मागवली. मंदारच्याच पोटाची चरबी काढून त्यातल्या पेशी त्याला सलाईनमधून देणार म्हणे.

मी विचारलं, "रक्त तयार करणाऱ्या पेशी कशावरून ओळखता? चौतीस तपासता का?"

"चौतीस काय मॅडम, आमच्याकडे पन्नास मार्कर आहेत."

काकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. बघ, पन्नास.

"मंदार, ऊठ," मी म्हणाले.

"मोठ्यांचा अपमान करू नकोस," बाबा हळूच म्हणाले. लहानपणापासून ऐकलेलं तेच वाक्य, समोर पोरगा पांढराफटक पडलेला असताना.

"हा माणूस चोर आहे, बाबा, आणि काका मूर्ख आहेत."

मंदार भिंतीला धरून उठला. आई त्याच्यामागे उठली. बाबा शेवटी.

माझ्या पेशी जुळल्या. पेशी हाडांतून रक्तात उतराव्यात म्हणून इंजेक्शनं घेतली, मग दोन्ही हातांत सुया घालून मशीनशेजारी पडून राहिले. डॉक्टरांनी येऊन सांगितलं, चौतीसवाल्या भरपूर निघाल्या. त्या मंदारला चढवल्या. मंदारला ताप आला, तोंड सोललं, वाईट दिवस गेले. मग त्याचं रक्त वाढायला लागलं. आता तो ऑफिसला जातो.

काका सोसायटीत सांगतात, त्यांच्या ठाण्यातल्या ओळखीमुळे सगळं वेळेत झालं. बाबा शेजारी बसून ऐकतात. सोसायटीही चहा पीत हो हो म्हणते. अशा लोकांचा राग येत नाही मला. राग यायला आधी थोडा मान असावा लागतो.

तुम्ही जुन्या मैत्रिणी फोनवर विचारता, कायमची परत कधी येणार. मंदारच्या अंगात आता माझ्या पेशींचं रक्त आहे, रक्तगटसुद्धा त्याचा बदलून माझा झालाय. त्या पेशी डोंबिवलीत रुळल्यात, कामाला लागल्यात. माझ्यातलं तेवढंच तिथे राहू शकतं. बाकीची मी मंदारला भेटायला येत जाईन.